बेळगावच्या खडेबाजारातल्या अण्णांना, त्या दिवशी वायफाय बंद केल्याबद्दल

अण्णा, नमस्कार.

तुमचं नाव इथं लिहीत नाही. त्या दिवशी मी दुकानाचा फोटो काढायला मोबाईल वर केला तर तुम्ही हातानंच नको नको केलात, त्यामुळं नाव लिहिलेलं तुम्हाला आवडणार नाही हे कळतंय. पण आभार मानल्याशिवाय राहवतही नाही. तीन आठवडे झाले, रोज लॅपटॉप उघडला की तुमची आठवण येते, आणि त्या दिवशी मी धड थँक्यूसुद्धा म्हटलं नाही, संध्याकाळची गाडी चुकली असती म्हणून पिशवी उचलली आणि पळत सुटले.

मी ती जांबोटीच्या पलीकडची. चार्जिंगची पिन तुटलेला जुना लॅपटॉप घेऊन आले होते, पाऊस धो धो होता आणि लॅपटॉप खताच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळला होता. तुम्ही आधी फडकं दिलंत पुसायला, मग लॅपटॉप घेतलात.

वाचणाऱ्यांना थोडं मागचं सांगायला हवं. मी बीसीए केलंय, सध्या गावच्या दूध डेअरीत सकाळ-संध्याकाळ नोंदी लिहिते. लिटर किती, फॅट किती, एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग किती, त्यावरून दर, आणि आठवड्याला प्रत्येकाचं बिल. सत्तर-एक घरं दूध घालतात. हे सगळं वहीत आणि कॅल्क्युलेटरवर चालायचं. एखाद्या म्हाताऱ्या मावशीचे चाळीस रुपये कमी लागले तरी तिला विचारायची भीती वाटते, ती नुसती कागद हातात धरून उभी राहते, हे मी खूपदा बघितलंय आणि मला ते बघवत नाही. म्हणून पायथन ह्या प्रोग्रामिंगच्या भाषेत बिलाचा छोटा प्रोग्राम लिहायला घेतला. कॉलेजात शिकलेलं अर्धं विसरलेलं, गावात विचारायला कुणी नाही, मैत्रिणी सगळ्या पुण्याला नाहीतर बेंगळूरला. त्यातलीच एक म्हणाली, एआय कोडिंग असिस्टंट लावून घे गं, कोड लिहिताना शेजारी कुणीतरी बसल्यासारखं होतं, अडलं की विचारायचं.

मग मी शहरातल्या एका क्लासमध्ये गेले. त्यांचंही नाव लिहीत नाही, पण जे झालं ते लिहिणारच. ‘एआय सेटअप’ म्हणून माझ्याकडून तीन हजार रुपये घेतले. डेअरीच्या पगारातून तीन हजार बाजूला काढायला मला चार महिने लागले होते. त्यांनी त्यांच्याच कुठल्यातरी अकाउंटनं लॉगिन करून दिलं, पासवर्ड दिला नाही. चार दिवस चाललं आणि पाचव्या दिवशी महिन्याची मर्यादा संपली असं दाखवायला लागलं. फोन केला तर म्हणाले प्रो, म्हणजे पैसेवालं, घ्यावं लागेल, क्रेडिट कार्ड आहे का? नाही म्हटल्यावर समोरचा आवाजच बदलला. परत प्रत्यक्ष गेले, दीड तास बसवून ठेवलं, आणि शेवटी सर केबिनच्या दारातूनच म्हणाले, "तुमच्या गावात धड नेट नाही, तुला एआय पाहिजे कशाला?" बाकीची मुलं बसलेली होती तिथं. मी काही बोलले नाही, खाली आले आणि बसस्टँडपर्यंत चालत गेले.

त्यानंतर दोन महिने मी त्या प्रोग्रामला हात लावला नाही अण्णा. हे तुम्हाला त्या दिवशी सांगितलं नव्हतं.

तुमच्याकडं मी फक्त पिन बदलायला आले होते. पिन बसवून तुम्ही लॅपटॉप चालू करून बघितलात तर माझा तो अर्धवट प्रोग्राम समोर आला, खाली लाल अक्षरात एरर. दुसरा कुणी असता तर खिडकी बंद करून साडेतीनशे रुपये मागितले असते. तुम्ही वाचायला लागलात. मग म्हणालात, "तंगी, हे दुधाचं आहे काय?" तंगी म्हणजे कन्नडात धाकटी बहीण. आणि मी सगळं सांगून टाकलं, क्लासचं, तीन हजारांचं, कार्डाचं. बोलता बोलता हेही सांगितलं की आमच्याकडं पावसाळ्यात लाईट गेली की टॉवर पण जातो, कधी कधी दोन दोन दिवस रेंज नसते. कणकुंबीकडचा पाऊस ज्यानं बघितलाय त्याला वेगळं सांगायला नको, मलप्रभा उगवते तिथला पाऊस तो.

क्लासवाल्यांनी काय लावून दिलं होतं ते तुम्ही बघितलंत आणि थोडा वेळ गप्पच बसलात. मग सांगितलंत की हे तर फुकटचं आहे, गिटहब कोपायलट म्हणतात ह्या असिस्टंटला, त्यांनी २०२४ च्या डिसेंबरात फुकट प्लॅन काढला, त्यात महिन्याला २००० वेळा कोड सुचवणार आणि ५० वेळा चॅट, कार्ड लागत नाही. ते ५० चॅट दहा-बारा पोरांमध्ये वाटले तर चार दिवसांत संपणारच. मला राग यायला हवा होता, पण खरं सांगते, हलकं वाटलं. मला वाटत होतं माझंच काहीतरी चुकतंय.

मग तुम्ही माझ्याच ईमेलनं माझं स्वतःचं अकाउंट करून दिलंत. तेवढ्यावर थांबला असता तरी मी जन्मभर नाव काढलं असतं, पण तुम्ही म्हणालात हे नेट असताना वापर, नेट नसताना दुसरं लागेल. दुकानात गिऱ्हाईक येत होतं, कुणाला मोबाईलला काच लावायची, कुणाचा डिस्प्ले गेलेला, तुम्ही एकेकाला "हत्त मिनिट" म्हणून बसवत होता. दहा मिनिटांचे दीड तास झाले. काय काय केलंत ते सगळं इथं लिहीत बसत नाही, ज्याला पाहिजे त्याला नावं पुरेत, कोड लिहायच्या व्हीएस कोडमध्ये कंटिन्यू नावाचं एक्स्टेन्शन, आणि मागं एआय मॉडेल नेटशिवाय लॅपटॉपवरच चालवणारं ओलामा, त्यात क्वेन २.५ कोडर नावाचं मॉडेल, दीड अब्ज पॅरामीटरवालं लहान. मी सात अब्जवालं मागत होते, मोठं ते चांगलं असणार म्हणून, तर तुम्ही म्हणालात तुझ्या ८ जीबी रॅममध्ये ते बैलगाडीसारखं चालेल, हे घे, एक जीबीचं आहे, लगेच उतरेल. उतरलंही, तुमच्याच दुकानाच्या वायफायवर.

आणि मग तुम्ही जे केलंत त्यासाठी हे पत्र आहे.

सगळं झालं होतं, मी लॅपटॉप मिटायला हात पुढं केला. तुम्ही म्हणालात थांब. स्टूलावर चढलात, वर फळीवर ठेवलेल्या राऊटरचं बटण बंद केलंत, हिरवा दिवा विझला, खाली उतरलात आणि माझ्याकडं बघून म्हणालात, "ऊराग नेट इल्ल अल्ला? आता विचार त्याला."

तुमच्या गावात नेट नाही ना. तेच वाक्य होतं अण्णा. क्लासच्या सरांनी ज्या वाक्यानं मला दारातून परत पाठवलं, तेच तुम्ही लक्षात ठेवलं होतं आणि त्याच्यासाठी स्टूलावर चढला होता. मी ते बोलता बोलता सहज म्हटलं होतं, पाण्याचा ग्लास हातात असताना, मला वाटलंही नव्हतं तुम्ही ऐकलं असेल.

मी तो एरर पेस्ट केला. ‘कुड नॉट कन्व्हर्ट स्ट्रिंग टू फ्लोट’, म्हणजे लिहिलेल्याचा दशांश आकडा करता आला नाही, आणि पुढं नुसती दोन अवतरणचिन्हं, मध्ये काहीच नाही. पंखा घरघरायला लागला, काही वेळ काहीच आलं नाही, आणि मग एकेक शब्द यायला लागला, अगदी सावकाश, कुणीतरी एका बोटानं टाईप केल्यासारखा. कुठलातरी रकाना रिकामा आहे, आधी रिकामा आहे का ते तपासा, आणि खाली ‘इफ’ची दोन ओळींची दुरुस्ती. लगेच डोक्यात आलं, संध्याकाळी लाईट नसली की फॅटचं मशीन चालत नाही आणि मी तो रकाना तसाच सोडते! ज्याच्यापायी मी प्रोग्राम सोडून दिला होता ते एवढंसं होतं. मी दुरुस्ती केली, चालवलं, चाललं. वायफाय बंद, मोबाईल पिशवीत, बाहेर पाऊस. शेजारी डिस्प्लेवाले काका बसले होते त्यांनी टाळी वाजवली, त्यांना काय कळलं माहीत नाही पण वाजवली.

पैसे विचारले तर पिनचे साडेतीनशे. आणि ह्याचे? तर म्हणालात, "ते फुकटच आहे की, मी काय बनवलंय होय ते?" ज्यांनी तीन हजार घेतले त्यांनीही काही बनवलं नव्हतं.

आपल्याकडं मराठी-कन्नड म्हटलं की लोकांचे चेहरे लगेच बदलतात, बोर्डावरून, बसवरून, किती वर्षं चाललंय. मला त्यात पडायचं नाही, माझं शिक्षण मराठीत झालं आणि ते मला प्राणाहून प्यारं आहे. पण तुम्ही दीड तास मोडक्या मराठीत माझ्याशी बोललात आणि मी मोडक्या कन्नडात तुमच्याशी, आणि दोघांपैकी कुणाचंही काही अडलं नाही. बेळगावात अशी माणसं गल्लीगल्लीत आहेत, पीठ उधार देणारे गिरणीवाले आहेत, रात्री शेवटच्या गाडीत एकटी बाई असली तर तिच्या फाट्यावर चार मिनिटं जास्त थांबणारे ड्रायव्हर आहेत, त्यांची कुठं बातमी येत नाही एवढंच. माझे बाबा म्हणाले, शिकलेला माणूस आमास्नी समजून सांगतो तवा आमी उगाच मान हलवतो, ह्यानं तुला करून दाखवलं.

आणखी एक सांगायचंय, तुम्हाला आवडेल. निघताना तुम्ही म्हणाला होता, हे लहान मॉडेल आहे, चुकतं, सांगेल ते खरं धरू नको, चालवून बघ. आठवडाभरानं तसंच झालं. डेअरीच्या नोंदी मी मराठी आकड्यांत टाईप करते, ४.२ असं. मी त्याला विचारलं चालेल का, तर ते ठामपणे म्हणालं पायथनला हे आकडे कळणार नाहीत, सगळे बदलून घ्या. सत्तर घरांच्या नोंदी! मी बदलायला बसणारच होते, मग तुमचं आठवलं आणि एकच ओळ चालवून बघितली. पायथनला आपले मराठी आकडे कळतात, अण्णा. ‘फ्लोट’ला ‘४.२’ दिलं तर सरळ उत्तर देतं, तक्रार करत नाही. मी रात्री अकरा वाजता आईला उठवून दाखवलं. तिला त्यातलं काही कळलं नाही, पण म्हणाली, बघ, आपले आकडे चालतात म्हणजे चांगलंच झालं.

गेल्या शनिवारी पहिल्यांदा सगळी बिलं प्रोग्राममधून काढली. आदल्या रात्रीपासून लाईट नव्हती, लॅपटॉपच्या बॅटरीवर हिशेब केला, प्रिंट दुपारी लाईट आल्यावर काढली. मी आधी सांगितलं ना, ती कागद धरून नुसती उभी राहणारी मावशी, तिनं कागदावर स्वतःचं नाव वाचलं, मग सात दिवसांचे लिटर बोटानं मोजत खाली आली, बेरजेवर बोट ठेवलं आणि म्हणाली, बरोबर हाय.

मी पुढच्या गुरुवारी बेळगावला येणार आहे, बसला आता आम्हा बायकांना तिकिटाचे पैसे लागत नाहीत, त्यामुळं बाबा पण नको म्हणणार नाहीत. येताना घरचे तांदूळ आणतेय, यंदाचे, चार किलो. साडेतीनशेच घेतलेत त्या दिवशी, तेव्हा तांदूळ नको म्हणायचं नाही. दुकान दुपारी बंद असतं का तेवढं कुणीतरी सांगा.