अकोल्याच्या सरांना, एका डाळ मिलवालीकडून

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार. तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. पण आभार चारचौघांत मानायचे आहेत, म्हणून हे उघड पत्र.

आमच्या दर्यापूरकडच्या खारपाण (खाऱ्या पाण्याच्या) पट्ट्यातली तूर वावरातून बाजारात जायची आणि डाळ होऊन किराणा दुकानात परत यायची. मधला पैसा शहरातच राहायचा. म्हणून आमच्या बचत गटानं कर्ज काढून तुमच्या अकोल्याच्या कृषी विद्यापीठानं तयार केलेली मिनी डाळ मिल बसवली, तर पहिल्याच हंगामात चुरा फार. मशीन विकणारा फोन उचलेना. तुम्ही आलात, तुरीचा दाणा दाताखाली धरलात आणि म्हणालात, "मशीन चांगली आहे ताई, तूर ओली आहे." मग अंगणात बसूनच सगळं दाखवलंत : पहिल्या फेरीत साल नुसती खरचटायची, मग तेल चोळून ढीग रात्रभर झाकायचा, नंतर कडक ऊन. चहाही घाईतच घेतलात.

आता डाळ इथेच होते. चुनी, म्हणजे डाळीचा चुरा आणि साल, गुरांना जाते, बायांना उन्हाळ्यात मजुरी मिळते, ऑटोवाल्याला भाडं मिळतं.

विद्यापीठांवर सरकारनं पैसा कशाला घालावा, असं पारावर कोणी म्हणालं की मी आता भांडते. १९६९ साली अकोल्याला कृषी विद्यापीठ झालं नसतं, तर आमच्या दहा-वीस पोत्यांसाठी मशीन कोणी बनवली असती? मोठ्या गिरणीवाल्याला त्यात काय मिळणार होतं! शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च करा, असं कोठारी आयोगानं १९६६ मध्ये सांगितलं. २०२० च्या शैक्षणिक धोरणानंही तेच लिहिलं. आकडा तसाच, आणि आपण अजून त्याच्या अलीकडेच. तुमच्याच विभागात किती खुर्च्या रिकाम्या आहेत, ते मी पाहिलं आहे. तुम्ही निवृत्त झाल्यावर तूर चावून बघायला कोण येईल, याची मला खरंच काळजी वाटते.

एक आनंदाची गोष्ट. धाकटीला तुमच्याकडेच कृषी अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना २०२४-२५ पासून कॉलेजची शिक्षण फी माफ झाली, म्हणून पाठवता आली. नाहीतर पुन्हा कर्जच होतं. पोरगी हुशार आहे, पण वर्गात तोंड उघडत नाही. तेवढं तिला बोलतं करा.

आपली,
दर्यापूर तालुक्यातली डाळ मिलवाली ताई