सात वाजायच्या आत

नैरोबी, 12 एप्रिल 2020

प्रिय नंदू,

"आफ्रिकेत कसं रे होणार तुमचं?" हे तुझं वाक्य चार दिवस डोक्यातून जात नाही. फोनवर धड बोलता आलं नाही, म्हणून आज लिहायला बसलोय. आज ईस्टर. एरवी या दिवशी समोरच्या चर्चमधलं गाणं आमच्या स्वयंपाकघरापर्यंत येतं. आज गल्लीत चिटपाखरू नाही.

एक गोष्ट आधी सांगतो. हा कोरोना इथं विमानानं आला. पुण्यात 9 मार्चला दुबईहून परतलेल्या जोडप्याला लागण निघाली, तशी इथं 13 मार्चला, अमेरिकेहून लंडनमार्गे आलेल्या 27 वर्षांच्या एका तरुणीला. त्याआधी फेब्रुवारीच्या शेवटी चीनहून 239 प्रवाशांचं एक विमान उतरलं होतं आणि 'चौदा दिवस घरीच थांबा' एवढं सांगून सगळ्यांना सोडून दिलं होतं. लोक खवळले, प्रकरण कोर्टात गेलं, चीनची विमानं थांबली. सगळ्यांचे डोळे तिकडे, आणि रोग शिरला लंडनच्या बाजूनं.

तरी सरकार हातावर हात ठेवून बसलं, असं मी म्हणणार नाही. पहिला रुग्ण शुक्रवारी सापडला आणि रविवारी राष्ट्राध्यक्ष केन्याटांनी शाळा बंद केल्या. तेव्हा रुग्ण होते तीन! 25 मार्चला बाहेरदेशची विमानं बंद. नोटांना हात लागू नये म्हणून मोबाइलवरच्या एम-पेसावर हजार शिलिंगपर्यंत पैसे पाठवायचं शुल्क माफ केलं. आरोग्यमंत्री मुताही काग्वे सारखे टीव्हीवर येऊन आकडे सांगतात. आपण नेहमीसारखंच वागत राहिलो तर हा रोग आपल्याशी नेहमीसारखा वागणार नाही, असं ते म्हणाले, ते आता पोरंटोरंही म्हणतात. आज आकडा जेमतेम दोनशे आहे. तेव्हा आमची काळजी करताना हेही लक्षात घे.

मला खुपतं ते दुसरंच. 27 मार्चपासून संध्याकाळी सात ते पहाटे पाच संचारबंदी आहे. कागदावर ठीक. पण आमच्या प्रेसमधले निम्मे कामगार मुकुरू आणि किबेरा या झोपडपट्ट्यांतून पायी येतात. पाचला सुटून घर गाठेपर्यंत सात वाजायचेच. त्यात मटाटूत, म्हणजे इथल्या चौदा सीटच्या खासगी प्रवासी गाडीत, आता आठच जणांना घेतात, मग भाडं वाढलं आणि स्टॉपवर हीऽऽ गर्दी. पहिल्याच संध्याकाळी मोंबासात लिकोनीच्या फेरीबोटीसाठी रांगेत उभ्या असलेल्या लोकांवर पोलिसांनी अश्रुधूर सोडला. घरी जाण्यासाठीच उभे होते रे ते! एकमेकांपासून लांब राहा म्हणायचं आणि पळायला लावून एकमेकांच्या अंगावर लोटायचं, याला काय म्हणावं? आम्ही मालकांच्या मागे लागून चारला सुट्टी करून घेतली. सगळ्यांचे मालक ऐकत नाहीत.

आमच्या कोपऱ्यावर भाजीवाली बसते. भाजीवालीला इथं 'मामा म्बोगा' म्हणतात; मामा म्हणजे आई. तिच्याकडची रोजची भाजी म्हणजे सुकुमा विकी, आपल्या कोबीच्या जातीची पण गड्डा न धरणारी, हिरव्यागार पानांची. नावाचा अर्थ 'आठवडा ढकल'. आपण नाही का म्हणत, दिवस ढकलतोय, तसंच. शाळा बंद झाल्या त्याच आठवड्यात तिनं तेलाच्या पाच लिटरच्या डब्याला नळ बसवून घेतला, साबणाची वडी जुन्या मोज्यात घालून दोरीनं बांधली आणि नळाखाली घमेलं ठेवलं. हात धुतल्याशिवाय कुणाला जुडीला हात लावू देत नसे. घमेल्यातलं साबणाचं पाणी संध्याकाळी घरी न्यायची, जमीन पुसायला. किबेरात तिच्या खोलीत नळ नाही. वीस लिटरचा पिवळा कॅन विकत घ्यावा लागतो, आणि टंचाई पडली की भाव दुपटीतिपटीवर. वीस सेकंद हात धुवा हे सांगायला सोपं आहे, नंदू. तिला ते मोजून विकत घ्यावं लागतं, आणि तरी तिनं गिऱ्हाइकांसाठी फुकट ठेवलं होतं.

शाळा बंद झाल्यावर तिनं दोन्ही मुलं पश्चिमेकडच्या काकामेगाला आजीकडे पाठवली. हजारोंनी तेच केलं. आणि 6 एप्रिलला नैरोबीच्या वेशी बंद झाल्या, एकवीस दिवस आत-बाहेर जायचं नाही. मुलं तिकडे, ही इकडे.

परवा गुड फ्रायडेला किबेरात धान्यवाटपाला एवढी झुंबड उडाली की माणसं चेंगरली, पुन्हा अश्रुधूर. मामा बुधवारपासून आलेली नाही, म्हणून मी धास्तावून फोन केला. ती सुखरूप आहे. पहाटे पाचच्या आत निघता येत नाही, बाजारात पोचेपर्यंत चांगली भाजी संपलेली असते आणि उरलेली परवडत नाही, म्हणाली. थोडे पैसे एम-पेसावर पाठवले. लगेच तिचा फोन: हे उसने, मी भाजीत फेडीन. बरं म्हटलं.

आईंना बाहेर पडू देऊ नकोस. किराणा घरपोच मागव, आणि आणून देणाऱ्या पोराला दारातच हात धुवायला पाणी दे. वहिनींना नमस्कार. उद्या सकाळी कोपऱ्यावर जाऊन बघतो, ती आली का. डबा अजून तिथंच लटकतोय, काल मी भरून ठेवलाय.

तुझा,
बाळ्या