काटोलच्या काकांना, रविवारच्या वर्गाकडून

काका, सप्रेम नमस्कार.

तुम्ही स्वतः फोनवर डोळे ताणत बसणार नाही, हे मला माहीत आहे. तुमची मुलगी वाचून दाखवील. नाव लिहू का, असं विचारलं तर तुम्ही म्हणालात, "नाव कायले पायजे जी, काटोलचा म्हना." म्हणून नाव टाकलेलं नाही. पण पत्र उघड लिहिते आहे, कारण डिसेंबरात तुम्ही आमच्या वर्गासाठी जे केलंत ते आमच्या चर्चबाहेरच्या लोकांनाही कळावं असं मला वाटतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे आमचा आगमनकाळ. यंदा तो 30 नोव्हेंबरला सुरू झाला, आणि चर्चचं नवं वर्षही त्याच दिवशी लागतं. या काळात फादरांचा झगा जांभळा असतो, वेदीवर फुलं बेताची, आणि रविवारच्या मिस्सेत, म्हणजे आमच्या उपासनेत, एरवी म्हणतो ते ग्लोरिया, म्हणजे देवाच्या गौरवाचं गीत, म्हणायचं नाही. थांबायचं, तयारी करायची. मोठ्यांना हे सवयीनं कळतं. चौथी ते सहावीच्या मुलांना कसं कळावं? नागपूरच्या सीताबर्डीत नोव्हेंबरातच सांताच्या लाल टोप्या लटकतात. शाळेला सुट्टी लागायच्या आत ख्रिसमस पार्टी उरकलेली असते. घरी कोणाकडे कुलकुल तळून डब्यात, कोणाकडे केकसाठी मनुका भिजत पडलेल्या. आमच्या वर्गात कोणाचं घर गोव्याकडचं, कोणाचं केरळचं, कोणाचं तामिळ, कोणाचं छत्तीसगडचं, काही माझ्यासारखी इथलीच मराठी, आणि आपसात सगळी हिंदीत भांडतात. मिस्सा संपली की हॉलमध्ये ही मंडळी माझ्यासमोर बसते. आठवडाभर बँकेत काम करणारी मी रविवारी त्यांची धर्मशिक्षणाची मॅडम.

पहिल्या रविवारी बायबलमधलं वाचन होतं मत्तयच्या शुभवर्तमानाच्या चोविसाव्या अध्यायातलं. नोहाच्या दिवसांत लोक खात-पीत होते आणि पूर कधी आला ते त्यांना कळलंच नाही, म्हणून जागे राहा. आम्ही मोरपंखीच्या फांद्या बांगडीसारख्या वळवून हार केला, त्यात तीन जांभळ्या आणि एक गुलाबी अशा चार मेणबत्त्या बसवल्या, दर रविवारी एक जास्त पेटवायची. ही रीत जर्मनीतली. हॅम्बुर्गमध्ये योहान हिन्‍रिच विचर्न नावाचे एक प्रोटेस्टंट पाळक गरीब मुलांचं वसतिगृह चालवत होते. नाताळ कधी, नाताळ कधी, असं मुलं रोज विचारायची, म्हणून 1839 मध्ये त्यांनी गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, रोजच्या छोट्या आणि रविवारच्या मोठ्या. ही गोष्ट मुलांना आवडली. पण मागच्या बाकावरून प्रश्न आलाच, "मॅडम, वाट पाहायची म्हणजे करायचं काय नेमकं?"

मी जे उत्तर दिलं ते पुस्तकातलं होतं. बरोबरच होतं, पण मुलांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

तुमची ओळख झाली ती संत निकोलसमुळे. 6 डिसेंबर हा त्यांचा सण. लग्नाला पैसा नसलेल्या तीन बहिणींच्या घरात त्यांनी गुपचूप सोनं टाकलं, अशी कथा आहे, आणि त्या सोन्याची आठवण म्हणून तिकडे मुलांच्या मोज्यात संत्रं ठेवतात. युरोपात थंडीत संत्रं मिळणं ही चैन होती म्हणे. आपल्या नागपूरला त्याचं काय! तुम्ही चर्चसमोरच्या रस्त्यावर, आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्यात तोडणीला येणारी, शेवटची संत्री घेऊन बसलेले. मी वर्गासाठी घेतली, आणि कशासाठी घेते आहे हे ऐकल्यावर तुम्ही वरून मूठभर जास्त टाकलीत. "पोट्ट्यांसाठी हाय ना, मंग मोजून काय राहिले?"

तो रविवार यशयाच्या अकराव्या अध्यायाचा होता. इशायाच्या तोडलेल्या खोडातून कोंब फुटेल, असं संदेष्टा सांगतो. इशाय म्हणजे दावीद राजाचा बाप. राजवंश संपला, झाड तोडलं, बुंधा तेवढा राहिला, आणि त्याच बुंध्यातून मसीहा येईल, असा त्याचा अर्थ. आमच्या वर्गातला एक जण तसा शंकेखोर. तो सरळ तुमच्याकडे गेला आणि विचारून आला, "काका, तोडलेल्या झाडाले खरंच फुटते का?"

तुम्ही त्याला काय सांगितलंत ते मला तो परत आल्यावर कळलं. फुटते, पण कुठून तोडलं ते पाहा लागते. संत्र्याचं झाड जंभेरी नावाच्या लिंबाच्या खुंटावर डोळा भरून, म्हणजे कलम बांधून, करतात. जोडाच्या वर तोडलं तर संत्र्याचा फुटवा येईल, जोडाच्या खाली तोडलं तर जंभेरीच उगवेल, आंबट, काट्यांची. पोरगा वर्गात उभा राहून म्हणाला, "मॅडम, यशयाला विचारा लागेल, कुठून तोडलं होतं." सगळा वर्ग हसला. मलाही हसू आवरेना. धर्मशिक्षणाच्या वर्गात इतका चांगला प्रश्न मी फार वेळा ऐकलेला नाही. तुम्हाला पुढच्या रविवारी वर्गात यायची विनंती केली ती त्या प्रश्नापायी.

तुम्ही आधी नको म्हणालात. "आमच्या घरी मार्गशीर्षातले गुरुवार धरते बायको. मले तुमचं धर्माचं काय सांगता येते?" मी म्हटलं, धर्माचं सांगूच नका, झाडाचं सांगा. त्यावर तुम्ही गाडीवर पोराला बसवलंत आणि आलात. अधिवेशनाच्या बंदोबस्तामुळे रस्ते कुठे उघडे, कुठे बंद, याचा पत्ता नव्हता, मुलंही निम्मी उशिरा आली. तुम्ही मात्र वेळेच्या आधी हॉलच्या पायरीवर हजर, हातात दोन फांद्या आणि पिशवीत जंभेरी.

त्या दिवशी, 14 डिसेंबरला, तिसरा रविवार होता. त्या दिवशी जांभळ्याऐवजी गुलाबी रंग असतो, आनंद जवळ आला म्हणून. आणि वाचन होतं संत याकोबाच्या पत्रातलं. शेतकऱ्याकडे बघा, तो जमिनीच्या फळाची धीरानं वाट पाहतो, पहिला आणि शेवटचा पाऊस येईपर्यंत. त्या देशात पहिला पाऊस पेरणीच्या वेळी येतो आणि शेवटचा पीक भरताना. हे मी मुलांना समजावून सांगितलं आणि तुमच्याकडे वळले. तुम्ही म्हणालात, "बरोबर हाय जी त्याहिचं. पण सध्या पाऊस आला तर आमचं वाटोळं."

त्यानंतर तुम्ही जे बोललात ते मी जवळपास जसंच्या तसं लिहून ठेवलं आहे. तोडा, म्हणजे फळांची तोडणी, संपला की झाडाचं पाणी बंद करायचं. त्याला ताण देणं म्हणतात. हलकी जमीन असेल तर कमी दिवस, भारी काळी असेल तर जास्त. पाणी तोडलं नाही तर झाड वर्षभर हिरवं राहतं, पानंच पानं, मधूनच चार फुलं, पण बहार धरत नाही. आणि या दिवसांत अवकाळी पाऊस आला, की ताण मोडला, मेहनत गेली. म्हणून डिसेंबरात आभाळ भरून आलं की तुमच्या गावात कोणाला झोप नसते.

मग एका मुलीनं विचारलं, "झाड मरत नाही का?" तुम्ही दोन्ही फांद्या वर धरल्यात. एक पाणी मिळणाऱ्या झाडाची, तुकतुकीत. दुसरी ताणावरची, पानं मलूल, कडेनं वळलेली. "मरू देत नाई ना. रोज जाऊन पाहा लागते. पान किती वळलं, किती गळलं. कमी झालं तर बहार नाई, जास्त झालं तर फांदी वाळते. पाणी बंद केलं म्हणून घरी झोपलो, असं नाई राहत." मग जानेवारीत खत घालून पहिलं पाणी हलकं द्यायचं, ताण तोडायचा, नवती, म्हणजे कोवळी पालवी, येते आणि तिच्यासोबत फुलं.

काका, मला तुमचे आभार मानायचे आहेत ते याच्या पुढच्या गोष्टीसाठी. तुम्ही तिथेच थांबलात. देवाचंही असंच असतं पोरांनो, असं एक वाक्य तुम्ही सहज जोडू शकला असता. वर्गात पाहुणे बोलावले की तेच होतं, बहुतेकांना शेवटी तात्पर्य सांगितल्याशिवाय राहवत नाही, आणि मुलं तोवर खिडकीबाहेर बघू लागतात. तुम्ही गप्प बसलात आणि जंभेरी कापायला घेतलीत. मग मुलांनीच जोडलं. जंभेरीची फोड तोंडात घालून, तोंड वाकडं करत, तोच शंकेखोर म्हणाला, "म्हणजे ग्लोरिया बंद करतात तो चर्चचा ताण आहे का?" दुसरी म्हणाली, "आणि जागे राहा म्हणजे रोज पान बघायला जायचं." मी फळ्यावर काहीच लिहिलं नाही. त्या दिवशी लिहायला काही उरलंच नव्हतं.

जाताना तुम्ही मला विचारलंत, "मंग तुमचा ताण कधी तुटते?" मी सांगितलं, 24 तारखेच्या रात्री, मिस्सेत ग्लोरिया सुरू होतं तेव्हा, घंटा वाजवतात. तुम्ही मान डोलावलीत आणि तुमचं फळांचं कॅरेट विसरून गेलात. ते सिस्टरांच्या कपाटाशेजारी ठेवलेलं आहे.

चौथ्या रविवारचं फारसं सांगत नाही, तुम्ही तेव्हा नव्हतात. संत योसेफाच्या स्वप्नाचं वाचन होतं आणि मुलांचं अर्धं लक्ष गव्हाणीच्या सजावटीकडे. पण 24 च्या रात्री ग्लोरियाला घंटा वाजू लागल्या तेव्हा आमच्या वर्गाच्या बाकांवरून चांगली मोठी कुजबुज उठली, "तुटला! तुटला!" पुढच्या रांगेतल्या आजीबाई घाबरून मागे वळल्या, काय तुटलं म्हणून. नंतर फादरांनी मला विचारलं, मी त्यांना सगळी हकीकत सांगितली. ते म्हणाले, पुढच्या वर्षीही त्या काकांना बोलवा. पुढच्या वर्षीची वाचनं वेगळी आहेत, याकोबाचं पत्र त्या रविवारी नसेल. माझ्या मते तरीही तुम्ही यावं. फांद्या तशाच आणा.

नाताळचा काळ आमच्याकडे येशूच्या स्नानसंस्काराच्या सणापर्यंत, यंदा 11 जानेवारीपर्यंत चालतो, तेव्हा हे आभार उशिरा आले असं धरू नका. मुलांनी कागदाच्या संत्र्यांचं एक तोरण केलं आहे, त्यावर सगळ्यांच्या सह्या आहेत. एकानं जंभेरीही रंगवली आहे, ती ओळखू येते. सिस्टरांनी ते कॅरेटमध्येच घालून ठेवलंय.

आता एक काम तुमच्याकडे. तुमच्या बागेत फुलं धरली की मला फोन करा. मिस्सेनंतर बसनं मुलांना घेऊन यायचा विचार आहे, फादरांची परवानगी मिळाली आहे, डबे घरून आणू. एकही फांदी कोणी तोडणार नाही, याची हमी मी देते. शंकेखोराची हमी देता येत नाही, त्याला माझ्याजवळच ठेवीन. त्याला जोड कुठे असतो तो बोटानं दाखवा, तेवढ्यासाठीच तो येतोय.

तुमची,
रविवारच्या वर्गाची मॅडम, आणि सगळे पोट्टे-पोट्टी