‘स्वभावच तसा’ म्हणून सोडू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कर्जाला ‘कंटाळून’ कास्तकारानं जीव दिला, अशी बातमी परवा पुन्हा जिल्हा पानावर वाचली. कर्ज खोटं नाही, कापसाचा पडलेला भावही खोटा नाही. पण एकाच संकटात दोन माणसांचं वेगवेगळं होतं, हे मी माझ्या घरात पाहिलं आहे.

2017 मध्ये बोंडअळीनं आमची आणि लहान्या देरांची पऱ्हाटी खाल्ली. वावरं धुऱ्याला धुरा लागून. देर म्हणाले, “वयनी, साऱ्या शिवाराचंच गेलं. पुढच्या साली तूर पाहू.” आमचे मालक म्हणाले, “मीच नालायक. मले कधीच जमणार नाही.” खरं तर ते इतके नेटके की ओळ वाकडी गेली तर सरकी पुन्हा टोबत. तोच नेटकेपणा अंगावर उलटला. रात्री दोनला उठून बॅटरीच्या उजेडात बियाण्याच्या, फवारणीच्या पावत्या बाजेवर मांडायचे. बेरीज करायचे, घडी घालायचे, परत मांडायचे. मी आशा सेविका असूनही स्वभावच तसा म्हणून तीन महिने गप्प राहिले. याचं आजही वाईट वाटतं.

पुढे डॉक्टरांनी समजावलं. नैराश्यात माणसाला स्वतःत, जगात आणि उद्यात, तिन्हीकडे अंधारच दिसतो, हे अ‍ॅरन बेक या मानसोपचारतज्ज्ञांनी 1960 च्या दशकातच मांडलं होतं. सारं खापर स्वतःवर फोडायचं, एका हंगामावरून जन्माचा हिशेब लावायचा, तेच ते घोळत बसायचं, अशी मनाची वळणं ज्यांची असतात त्यांना हा आजार लवकर गाठतो. गाठतोच असं नाही. आणि त्यात त्यांचा दोषही नाही.

गोळ्यांसोबत डॉक्टरांनी वहीत दोन रकाने पाडायला लावले: माझ्या हातात काय होतं, काय नव्हतं. ‘अळी’ हा शब्द दुसऱ्या रकान्यात लिहायला मालकांना बराच वेळ लागला. पेन नुसतं धरून बसले होते. पण लिहिला. महिन्याभरानं सलग झोपले.

आता गृहभेटीला गेले की बाळंतिणीची विचारपूस झाल्यावर मी घरधन्याची झोपही विचारते.

आपल्याला विनंती एवढीच: अशा बातमीखाली टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा नंबर ठळक छापा. तो मोफत आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. आणि ‘कंटाळून’ हा शब्द काढा. कंटाळलेला माणूस रात्री दोनला पावत्या मांडत बसत नाही.

— एक आशा सेविका, ता. घाटंजी, जि. यवतमाळ