एकाच दुकानाचे दोन भाव

गणपतीच्या तोंडावर घरातील मिक्सर बंद पडल्याने मी गुहागरहून एसटीने चिपळूणला, एका मोठ्या साखळी दुकानाच्या शाखेत गेलो. निवडलेल्या मिक्सरचे तेथे ४,२९० रुपये सांगण्यात आले; त्याच दुकानाच्या अ‍ॅपवर मात्र तोच मिक्सर, तोच मॉडेल क्रमांक, ३,५४९ रुपयांना होता. मोबाइल दाखवल्यावर काउंटरवरील मुलगा अदबीने म्हणाला, "काका, ऑनलाइनचा भाव इथे लागत नाही." अ‍ॅपवरूनच मागवावा म्हटले, तर आमच्या पिनकोडवर घरपोच सेवा उपलब्ध नाही, असे उत्तर आले. सण चार दिवसांवर असल्याने अखेर ७४१ रुपये जास्त मोजले.

छापील किमतीपेक्षा जास्त आकारणी झालेली नसल्याने येथे कायदेभंग झाला, असे मी म्हणत नाही. एकाच पॅकबंद वस्तूवर अनुचित रीतीने दोन कमाल किमती छापण्यास वैधमापन (वजन-मापे व पॅकबंद मालाविषयीच्या) नियमांनी १ जानेवारी २०१८ पासून मनाई केली आहे. पण त्या किमतीच्या आत कोठे किती सवलत द्यावी, हे विक्रेत्याच्या मर्जीवर राहते. दुकानाला भाडे, पगार, वीज यांचा खर्च असतो, हेही मान्य. परंतु ज्या गावांत कंपनी माल पोहोचवतच नाही, तेथील माणसाने एसटीचे भाडे भरून यायचे आणि वर चढा भावही द्यायचा, हा सरळसरळ अन्याय आहे. अशा दुकानांनी ऑनलाइन भाव वस्तूशेजारी लावावा आणि घरपोच सेवा नसलेल्या पिनकोडच्या ग्राहकांना तो शाखेतच द्यावा, असा नियम केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने करावा.

– एक ग्राहक, गुहागर