इंजिन देणाऱ्याच्या हातात सगळ्या नाड्या

संपादक महोदय,
फॉर्म्युला वन कार रेसिंगमध्ये रेड बुलसारख्या चॅम्पियन टीमला २०१५ मध्ये मर्सिडीज आणि फेरारी दोघांनी इंजिन द्यायला नकार दिला, शेवटी रेनॉचंच इंजिन टॅग हॉयर या घड्याळ कंपनीचं नाव लावून २०१६ला पळवावं लागलं, मग छोट्या टीमने कुणाच्या तोंडाकडे बघायचं? २०१५ मध्येच एफआयएने, म्हणजे नियम करणाऱ्या जागतिक संघटनेने, इंजिनच्या किमतीवर मर्यादा आणायची ठरवली तर फेरारीने नियम रोखायचा आपला खास अधिकार (व्हेटो) वापरून ती हाणून पाडली. स्पर्धेत उतरणाराच नियम अडवतो हे अजिबात पटत नाही. नंतर इंजिन नसलेल्या टीमला पुरवठा करायची सक्ती आली, ते बरंच झालं. पण २०२६ला रेनॉ बाहेर, त्यांचीच टीम अल्पीनपण इंजिनसाठी मर्सिडीजकडे, म्हणजे चार टीम एकाच कंपनीवर, त्यांना इंजिनचं सॉफ्टवेअर सारखंच मिळतंय का यावर एफआयएने डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवावं.
– एक रेसिंगप्रेमी वाचक