उरलेल्या एका क्लोरीनबद्दल

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या मागच्या पत्रांना उत्तर न देता आज स्वतःचेच गाऱ्हाणे घेऊन बसलो आहे, हे तुला नवे नाही. प्रकृती ठीक आहे. पाठ अधूनमधून कुरकुरते, एवढेच.

कर्करोगावरच्या ज्या संयुगावर माझी सारी भिस्त होती, त्याच्या ट्रायझिन वलयावरचा (तीन कार्बन, तीन नायट्रोजन यांचे कडे) शेवटचा क्लोरीन काढून तिथे मॉर्फोलिन हे अमाइन (नायट्रोजनमार्गे जोडले जाणारे संयुग) बसवले आणि कर्करोगाच्या पेशींवरचा परिणाम जवळजवळ नाहीसा झाला. घरी सांगितले, तर "मग क्लोरीन परत लावा" असा सल्ला मिळाला. यातली गोम तुला मात्र सांगावी लागणार नाही: तो क्लोरीन पेशीत सुटून रेणू भेटेल त्या प्रथिनाला कायमचा चिकटत असेल, तर तो परिणाम औषधाचा म्हणता येणार नाही.

सायन्युरिक क्लोराइडची (तीन क्लोरीन असलेल्या ट्रायझिनची) आपली वाट तीच आहे: अमाइन घालून पहिला क्लोरीन काढायचा बर्फात, शून्य अंशाला, दुसरा खोलीच्या तापमानाला, तिसरा रिफ्लक्सवर, म्हणजे द्रावण उकळत ठेवून. एकेक अमाइन जोडले गेले, की वलयातील इलेक्ट्रॉनांची टंचाई कमी होते आणि उरलेला क्लोरीन अधिकच हट्टी होतो. क्लोरीन पेशीत सुटत नाही, हे आमच्या मार्गदर्शक सरांचे म्हणणे याच हट्टीपणावर उभे आहे. ज्याला हलवायला एवढी उष्णता लागते, तो ३७ अंशांना पेशीत काय हलणार, असे ते विचारतात. आणि हललाच तरी बिघडले कुठे, इब्रुटिनिब हे रक्ताच्या कर्करोगावरचे औषधही प्रथिनाशी कायमचे बांधले जाते आणि २०१३ साली त्याला मान्यता मिळालीच, असेही वर ऐकवतात. एकाच दमात दोन्ही बाजूंनी वाद घालण्याची त्यांची हातोटी तू अनुभवली आहेसच.

मला हे पटत नाही. इब्रुटिनिब बीटीके या प्रथिनातील ४८१ क्रमांकाच्या सिस्टीन या अमिनो आम्लाला धरते, हे नेमके ठाऊक आहे. आमच्या संयुगाने कोणाला धरले, हे कोणीच पाहिलेले नाही. शिवाय अ‍ॅट्राझिन हे तणनाशक आठव: दोन अमाइन, एक क्लोरीन, अगदी आमचाच सांगाडा. मक्याचे रोप तोच क्लोरीन काढून तिथे ग्लुटाथायोन (पेशीतला गंधकयुक्त छोटा रेणू) बसवते, म्हणून तर तण मरते आणि मका तगतो. तिथे विकर मदतीला असते, हे तू म्हणशीलच. पण त्या कुळातली विकरे माणसाच्या पेशींतही आहेत. कर्करोगावरचे औषध म्हणून मान्यता मिळालेले ट्रायझिन पाहावेत, तर अल्ट्रेटामिन काय किंवा २०१७ चे एनासिडेनिब काय, वलयावर क्लोरीन कुठेच नाही.

उलट बाजूही मांडतो, नाहीतर मला एककल्ली ठरवून मोकळा होशील. मॉर्फोलिन क्लोरीनपेक्षा बरेच मोठे. ते प्रथिनातल्या त्या जागेत मावलेच नसेल. आणखी एक गोष्ट आहे. एमटीटी चाचणीत (जिवंत पेशी जांभळा रंग देतात) मॉर्फोलिनवाल्या संयुगाच्या सगळ्या खान्यांत जांभळा रंग आला खरा, पण रंग टाकण्याआधी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा वरच्या मात्रांच्या खान्यांत तळाशी बारीक, लांबट स्फटिक पडलेले होते. तेव्हा ते निष्प्रभ आहे की विरघळलेच नाही, हे कशावरून ठरवायचे? डॉकिंगमध्ये, म्हणजे रेणू प्रथिनात कसा बसेल याच्या संगणकी अंदाजात, तर दोन्ही संयुगांना जवळपास सारखेच गुण आहेत. संगणकाला रेणू विरघळवावा लागत नाही, म्हणून तो एवढा आशावादी असतो, हे तुझे वाक्य ऐकून मी तेव्हा आठवडाभर अबोला धरला होता. हल्ली ते ज्युनियरांना माझे म्हणून ऐकवतो.

क्लोरीनच्या जागी मिथाइल असलेले संयुग आता करायला घेतले आहे. आकार जवळपास तेवढाच, पण निघून न जाणारा. त्यासाठी मिथाइल आधीपासून असलेल्या डायक्लोरोट्रायझिनपासून निघावे लागते, म्हणून वेळ लागेल; आणि सरांना पेपर पाठवण्याची घाई आहे.

तुमची नवी जागा लागली का? वहिनींना नमस्कार, धाकटीच्या निकालाचे कळव. तू पुन्हा बासरी हाती घेतलीस हे वाचून शेजाऱ्यांची काळजी वाटली.

तुमच्याकडे एलसी-एमएस (मिश्रणातले रेणू वेगळे करून त्यांचे वस्तुमान मोजणारे यंत्र) सहज मिळते, म्हणून क्लोरीन असलेल्या संयुगाचा नमुना सोबत पाठवत आहे. पीएच ७.४ च्या बफरमध्ये, ३७ अंशांना, ग्लुटाथायोनसह आणि ग्लुटाथायोनविना ठेवून ठरावीक वेळांनी पाहा: क्लोरीनची ती तीनास एक उंचीची शिखरांची जोडी खाली जाते का, आणि ग्लुटाथायोन जोडलेला रेणू दिसू लागतो का. नमुना डीएमएसओ या द्रावकात लगेच विरघळतो; पाणी मात्र शेवटी आणि थेंबाथेंबाने घाल. आकडे काहीही येवोत, आधी मला कळव, सरांना नको.

तुझाच,
ट्रायझिनवाला